किल्ली हरवलेली नसताना

ती. ताईस,

सा. न. तुम्ही दोघं खुशाल असाल असं मी धरून चालते, कारण नसतात तर एव्हाना तुझा फोन आला असता आणि त्यात माझं काय चुकलं हेही मला कळलं असतं. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं कमी झालं, की तूच ऐकायचं सोडलंस? आम्ही इकडे मजेत. मजेत म्हणजे तिघंही दोन वेळा जेवतो, छत गळत नाही, आणि हे लिहीपर्यंत तरी बाबांच्या गाडीखाली कुणी आलेलं नाही. हल्ली मी एवढ्यालाच मजा म्हणते.

पत्र कशाला, फोन करायचा, असं तू म्हणशील. पण आपल्या घरातला फोन तुला माहीत आहे. मी बोलायला लागले की बाबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात, थोडा वेळ छताकडे बघतात आणि मग ‘तिला सांग’ असं म्हणून स्वतःच स्पीकर चालू करतात. म्हणून हे दुकानात बसून लिहिते आहे, पडद्यांच्या नमुन्यांच्या ढिगामागे, मालकीणबाई समोर आल्या की खिडकीची मापं लिहिते आहे असं दाखवत. (मध्येच ‘उंची सात फूट, चुण्या घट्ट’ असं काही आलं तर ते तुझ्यासाठी नाही.)

तर मुद्दा बाबांच्या डोळ्यांचा. मागे त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, आणि काचबिंदू आहे, थेंब घालायचे, एवढं तुला सांगितलं होतं. तेवढंच सांगितलं, कारण पुढचं स्पीकरवर सांगण्यासारखं नव्हतं. बाबा आत त्या तपासणीच्या यंत्राची रचना समजून घेत होते (छापखाना चालवलेला माणूस, यंत्र दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही) आणि डॉक्टरांनी मला दारापाशी गाठून सांगितलं, की समोरचं त्यांना छान दिसतं, पण बाजूचं गेलंय, डावीकडचं तर जवळजवळ नाहीच, आणि गेलंय हे त्यांना कळतही नाही. गाडी आता बंद. मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना. डॉक्टर म्हणाले, तुम्ही मुलगी आहात, तुमचं ऐकतील. आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ताई, एवढा शिकलेला माणूस, पण आपल्या घरात कोण कुणाचं ऐकतं हे त्याला कोण सांगणार?

मी सांगणार होते. खरंच. परतताना गाडीत सांगू म्हटलं, तर बाबा गुणगुणत होते. जेवताना सांगू म्हटलं, तर त्यांनी स्वतःहून दुसरी पोळी मागितली, जी ते आई गेल्यापासून मागत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर गेले, तर ते गाडी पुसत होते. तू ती गाडी नवी असताना पाहिलीस, आता बघायला हवीस. माणसं देवालाही इतक्या मायेनं पुसत नाहीत. आयुष्यभर नखांत शाई घेऊन फिरले, म्हणून छापखाना विकल्यावर मुद्दाम पांढरी घेतली, आणि तीही अशी, की चौकात उभी राहिली तर बाजूचे रिक्षावाले आरशात केस नीट करतात. अशा माणसाला ओला फडका हातात असताना काय सांगायचं? मी परत आत आले आणि चहा टाकला.

मग तुझे मेहुणे म्हणाले, ‘सांगायचं कशाला? किल्ली लपव.’ (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी सुचवलेला सोपा उपाय आला की मला अजून घाम फुटतो. आणि तरी मी तो करते.) तर मी किल्ली लपवली. ती साबणाच्या वडीएवढी जाडजूड किल्ली मी शिलाई मशीनच्या खणात रिळांखाली ठेवली आणि बाबांना सांगितलं, की बाजारात गाडी घेऊन गेले होते, तिथे कुठेतरी पडली. तू म्हणशील, बाबा ओरडले असतील. नाही ओरडले. चष्मा काढला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘असू दे गं. होतं असं.’ आपल्याला बोटभर पेन्सिल हरवली म्हणून अंगणात उभं करणारे बाबा! मला वाटलं वयानं निवळलेत. रात्री शांत झोपले मी.

त्या आठवड्यात दुकानातून घरी आले तर गाडीचं तोंड उलटीकडे. म्हटलं, दुसरी किल्ली असणार, जादाची. ती त्यांच्या कोटाच्या खिशात सापडली. मी कोट धुवायला दिला आणि खणातल्या पहिलीसकट ती किल्ली पिठाच्या डब्यात पुरली. धोब्याकडे गेली असेल हो बाबा. पुन्हा तेच, चष्मा काढला, बघितलं, ‘असू दे.’ आणि चारच दिवसांत गाडीच्या टायरला ताजा चिखल. मग तिसरी, ती मी त्यांच्या उशाखालून घेतली. (झोपलेल्या बापाच्या उशाखाली हात घालताना आपण किती पाण्यात आहोत ते कळतं माणसाला.) ताई, मला तेव्हा वाटायला लागलं होतं, की गाडीबरोबर कंपनीनं किल्ल्यांचं पोतंच दिलं होतं की काय. मी एक किल्ली पुरायची, की दुसरी उगवायची. आमचा पिठाचा डबा जड झाला आणि पोळ्यांना एक बारीकसा रबरी वास यायला लागला.

अशात आमच्या दुकानासमोर एका बाईंची गाडी अडली. तशीच गाडी, नुसती काळी. किल्ली आत, बाई बाहेर, हातात आमच्या पडद्यांची पिशवी. त्यांनी कुठेतरी फोन लावला आणि अर्ध्या तासात एक व्हॅन आली, वर ‘तुम्ही असाल तिथे किल्ली’ असं लिहिलेली. त्यातून एक माणूस उतरला, कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तर, गॉगल. त्याला किल्लीवाला म्हटलेलं आवडत नाही. तो फक्त उंची गाड्यांचं काम करतो, साध्या गाडीला हात लावत नाही, आणि हे तो विचारायच्या आधी सांगतो. त्यानं दाराच्या फटीत हवेची एक चपटी उशी सरकवली, ती हळूहळू फुगवली आणि दार असं उघडलं, जणू गाडीनं जांभई दिली. गर्दी जमलीच होती, तेव्हा व्याख्यानही झालं. त्यात तो म्हणाला, की सगळ्या किल्ल्या हरवल्यात असं कळलं की तो नवी करतो आणि जुन्या सगळ्या मारून टाकतो. ‘चोराच्या हाती लागली तरी उपयोग नाही. गाडी तिला ओळखच दाखवत नाही.’

ताई, मी तिथे हातात टेप घेऊन उभी होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (आता वाटतं, न पडता तर बरं.) एकच नवी किल्ली करायची, ती माझ्याकडे. बाबांच्या पोत्यातल्या उरलेल्या सगळ्या मेल्या. बाबांनी त्या खुशाल खिशात ठेवाव्यात, पुसाव्यात, उशाखाली घ्याव्यात. गाडी सुरू होणार नाही, मेकॅनिक येईल, मी त्याला आधीच सांगून ठेवीन, तो मान हलवील. कुणालाच कुणाला काही सांगावं लागणार नाही. मी रजा टाकली, बाबांच्या कपाटातून गाडीची कागदपत्रं काढली आणि त्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ साधून त्या व्हॅनला बोलावलं.

व्हॅन आली. गॉगल उतरला. फाटकातून आत येता येता त्यानं गाडी पाहिली आणि थबकला. मग माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं गॉगल काढला आणि आवाज एकदम खाली आणला, दवाखान्यात आणतात तसा. ‘ताई, तुम्हीच का त्या मुलगी?’

मी म्हटलं, कोणती मुलगी?

‘आजोबांची. विसरणाऱ्या.’

मला काही कळेना. तो म्हणाला, लाजू नका, आजोबांनी मला सगळं सांगितलंय. त्यांच्या मुलीचं अलीकडे असं होतं, किल्ल्या कुठेतरी ठेवते आणि तिला आठवत नाही, बोललं तर मनाला लावून घेईल, म्हणून तुम्ही ती कामावर असताना येत जा. म्हणजे मी किल्ली पुरली की बाबा याला बोलवायचे, हा यायचा, नवी करून द्यायचा आणि जुन्या मारून जायचा. मी पळत जाऊन डबा आणला आणि परातीत उलटा केला. त्यानं पीठ झटकून एकेक किल्ली आपल्या यंत्राला लावली. ‘मेलेली. हीपण मेलेली. हिला तर मीच मारलीय, माझा स्टिकर आहे.’ मी इतके दिवस जीव मुठीत धरून मुडदे लपवत होते.

तरीही मी नेटानं म्हटलं, आज मात्र सगळ्याच हरवल्यात, नवी करा. आणि तेवढ्यात मागून बाबा. बनियन, चष्मा, गालावर उशीची घडी. ‘कोण आलंय?’ किल्लीवाला म्हणाला, ‘आजोबा, परत हरवली म्हणे.’ बाबांनी लेंग्याच्या खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. ‘माझ्याकडे आहे की.’

किल्लीवाल्यानं बाबांकडे बघितलं. बाबांनी परातीकडे बघितलं, त्यातल्या पिठाकडे, माझ्या कोपरापर्यंत पांढऱ्या हातांकडे. आणि दोघांनी मिळून माझ्याकडे. किल्ली हरवलेली नसताना किल्लीवाल्याला बोलावणारी, किल्ल्या पिठात ठेवणारी बाई, ताई. मी त्यांच्या जागी असते तर मलाही रडू आलं असतं. पण बाबा म्हणजे बाबा. परक्या माणसासमोर मुलीची लाज जाऊ नये म्हणून घसा खाकरून म्हणाले, ‘हां हां, मीच हिला सांगितलं होतं बोलवायला. जादाची एक असावी हाताशी.’ आणि जादाची करून घेतली. म्हणजे आज बाबांजवळ दोन जिवंत किल्ल्या आहेत, आणि दुसरी मी रजा काढून मागवली आहे. मी म्हटलं, ती माझ्याजवळ ठेवू का? किल्लीवाला म्हणाला, ‘आमच्याकडे चावी मालकाच्याच हातात द्यायची पद्धत आहे.’ आणि जाताना त्यानं मला हरवलेली वस्तू शोधायचा एक बिल्ला भेट दिला. टाळी वाजवली की तो शीळ घालतो. बाबांनी तो स्वतःच्या हातानं माझ्या पर्सला बांधला. आता दुकानात कुणी पडद्यावरची धूळ झटकली तरी मी शीळ घालते.

संध्याकाळी बाबांनी मला गाडीत बसवलं. गाडी जागेवरच, दारं बंद. (महत्त्वाचं बोलायला त्यांना हल्ली तीच खोली लागते.) म्हणाले, ‘घाबरू नकोस. तुझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं. मी आहे ना.’ आता बघ, माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, डॉक्टर, डावी बाजू, डबा, सगळं. पण त्यांनी माझा हात हातात घेतला. बाबांनी, ताई! शेवटचा कधी घेतला होता आठवतंय? मला नाही आठवत, आणि हे त्यांना सांगायचीही सोय नाही. ‘फक्त एक कर,’ म्हणाले, ‘तू आता गाडी चालवू नकोस. अशा अवस्थेत बरं नाही. दुकानात मी सोडत जाईन.’ मी म्हटलं, हो बाबा.

तर आता बाबा मला रोज दुकानात सोडतात आणि आणतात. पूर्वी आठवड्यातून कधीतरी निघणारी गाडी आता दिवसातून चार वेळा रस्त्यावर असते, दोन वेळा माझ्यासकट आणि दोन वेळा माझ्याशिवाय. माझ्याशिवायच्या वेळी मी दुकानात बसून रुग्णवाहिकेच्या आवाजाकडे कान लावते. माझ्यासकटच्या वेळी मी त्यांच्या डाव्या हाताला बसते आणि त्यांना जे दिसत नाही ते दाखवते. पण ‘सायकल आली, सांभाळा’ असं म्हणायची सोय नाही, कारण का म्हणालीस, मला काय दिसत नाही का, हे पुढचं वाक्य. म्हणून मी कौतुक करते. अय्या बाबा, तो सायकलवाला बघा, काय छान घंटी आहे! बाबा, त्या आजोबांची काठी बघा! बाबा, ते कुत्रं बघा, ते बघा ना, बघा! बाबा दर वेळी मान वळवून बघतात, वेग कमी करतात आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, की आजीच्या दुखण्याची पुढची पायरी त्यांना दिसली असावी. काल गाडीत त्यांनी मला आलेपाकाची वडी दिली आणि म्हणाले, ‘सगळं छान वाटतं ना तुला? तेही बरंच आहे.’

इथपर्यंत लिहिताना मी हसत होते, तू वाचताना हसत असशील. पण परवाचं सांगते. दवाखान्याच्या वळणावर माझ्या बाजूनं एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर उतरली. मला कौतुकाचं काही सुचलंच नाही. मी नुसतं ओरडले, ‘थांबा!’ बाबांनी ब्रेक मारला. ती बाई बाळाचं पांघरूण नीट करत करत निघून गेली, आमच्याकडे तिनं बघितलंही नाही. किती कमी अंतर होतं ते मी लिहीत नाही. बाबा म्हणाले, ‘ही कुठून आली?’ मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तरी त्यांनी गाडी हलवली नाही. मग म्हणाले, ‘एवढ्यानं ओरडत जाऊ नकोस गं, दचकायला होतं.’ आणि मी म्हटलं, चुकलं बाबा.

मला जेवण जात नाही ताई. तुझे मेहुणे म्हणतात, बॅटरीची वायर काढ. मी आता त्यांच्या वायरी काढीन.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक घे.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र कशासाठी ते राहिलंच. तू सांग त्यांना. रविवारी फोन करशील तेव्हा मी मुद्दाम बाहेर जाईन, तू डॉक्टरांचं सगळं सांगून टाक. तू थोरली आहेस, तुझ्यावर ते ओरडतील पण ऐकतील. माझ्यावर ओरडत नाहीत, तिथेच सगळं अडतंय. आणि माझी बुद्धी शाबूत आहे हेही जमलं तर सांग.

ता. क. दुसरा, दुसऱ्या दिवशी. पाकीट बंद केलं नव्हतं ते बरं झालं. वरचा ता. क. खोड. तू काही सांगू नकोस.

आज सकाळी बाबांनी गाडी फाटकाशी आणली, मी बसले, आणि मला एकदम ती बाई दिसली, पांघरूण नीट करणारी. मी हात लांब करून गाडी बंद केली आणि सगळं सांगितलं. समोर बघत, एका दमात, डॉक्टर काय म्हणाले ते, डावीकडचं काही दिसत नाही ते, परवा काय झालं असतं ते. बाबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग डावा हात डोळ्याशेजारी धरून त्यांनी बोटं हलवून बघितली, हळूहळू पुढे आणत, दिसेपर्यंत. फार पुढे आणावा लागला ताई.

‘डॉक्टरांनी हे केव्हा सांगितलं?’

मी म्हटलं, तेव्हाच, पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा.

मला वाटलं, आता. आता आयुष्यातलं सगळ्यात मोठं ओरडणं. इतके महिने माहीत असून मला सांगितलं नाहीस, मला रस्त्यावर जाऊ दिलंस, मला! ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, ‘मग इतके दिवस विसरलीस होय सांगायला?’

मी म्हटलं, ‘हो बाबा. विसरले.’

त्यांनी मान हलवली. दार उघडलं, उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि माझं दार उघडून म्हणाले, ‘सरक तिकडे. उशीर होतोय तुला.’

ता. क. तिसरा. त्यांना खरंच तसं वाटलं, की मला वाट करून दिली, ते मला कळलेलं नाही आणि विचारायची छाती नाही. तर आता तुझ्याकडे एवढंच काम. रविवारी फोनवर त्यांनी माझ्या विसरण्याचा विषय काढला, तर हसू नकोस आणि माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. म्हण, हो बाबा, ती पहिल्यापासूनच तशी आहे. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.